एम्प्टी नाय, व्हेकंट

“सावकाश, सावकाश. घाई नाय.”

मी जिन्याच्या शेवटच्या वळणावर होते, त्यामुळे आधी फक्त आवाज ऐकू आला. वर पोहोचले तर काकू एका बंद दारासमोर उभ्या. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि त्याची किल्ली काकूंच्याच हातात होती. तरी त्यांनी बेल वाजवली होती आणि आता त्या थांबल्या होत्या. आत कुणी वयस्कर माणूस गुडघ्यावर हात टेकून उठत असेल, चष्मा शोधत असेल, असं धरून आपण जेवढं थांबू, तेवढं थांबल्या. मग कुलूप काढलं.

“आत कोण आहे?” मी विचारलं. माझा कामाचा पहिला दिवस होता.

“कुणी नाय. मालक दुबईला असतात.”

“मग सावकाश कुणाला म्हणालात?”

“पालींना,” काकू चपला काढत म्हणाल्या. “त्यांना आवरायला वेळ नको का? एकदम दार उघडलं की बदाबदा अंगावर पडतात.”

मला ते पटलं. नंतर लक्षात आलं की काकू प्रत्येक दारापुढे सारख्या थांबत नाहीत. काही दारं बेल वाजवली की लगेच उघडायच्या, आणि काहींपुढे इतका वेळ उभ्या राहायच्या की शेजारचे दार किलकिलं करून बघायचे. पाली तर सगळीकडे होत्या.

तुमच्या इमारतीतही असा एखादा फ्लॅट असेल. मालक मुंबईला, नाहीतर परदेशात. दारावर गेल्या दिवाळीचं तोरण, जाळीत अडकलेली पत्रकं. नाशिकमध्ये असे फ्लॅट पुष्कळ आहेत. हवा चांगली म्हणून लोक घेऊन ठेवतात आणि हवा खायला मात्र येत नाहीत. अशा घरांच्या किल्ल्या काकूंकडे असायच्या. आठवड्यातून एकदा त्या प्रत्येक घरी जायच्या, खिडक्या उघडायच्या, पंखे लावायच्या, सगळे नळ सोडायच्या, संडासात पाणी ओतायच्या, देवापुढे दिवा लावून तो विझेपर्यंत बसायच्या आणि कुलूप घालून पुढच्या घरी निघायच्या.

नळ का सोडायचे, तेही त्यांनीच शिकवलं. मोरीच्या जाळीखाली एक वाटी असते. तिच्यात पाणी साठून राहतं आणि ते गटाराचा वास वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की वाटी आटते आणि सगळ्या घराला गटाराचा वास लागतो. “घर मेलं का झोपलंय, ते मोरी सांगती,” काकू म्हणायच्या.

मी त्यांना मिळाले ती अशी. नाशिक रोडला आमची कॉलनी, आणि मागच्या गल्लीत काकू. मी बी.कॉम. होऊन घरात बसले होते. मुलाखतीला जायचे आणि तिथे माझा आवाज घशातच राहायचा. एक दिवस काकू आईकडे आल्या.

“तुमची पोरगी इंग्लिश मिडियमची ना? मला द्या.”

“अहो, ती बोलत नाही कुणाशी.”

“बोलायचंय कुठं? टायपायचंय.”

काकूंचे मालक आता त्यांच्याशी इंग्रजीतच लिहायचे. जुने मालक फोन करायचे. त्यांची मुलं मेसेज करायची. काकूंचं शिक्षण निफाडकडच्या एका शाळेत सातवीपर्यंत झालेलं. तर माझं काम एवढंच, की काकूंच्या स्कूटीवर मागे बसायचं, घराचे फोटो काढायचे आणि मालकाला इंग्रजीत दोन ओळी पाठवायच्या. मी दिवसभर गप्प असायचे. काकू आरशातून माझ्याकडे बघून म्हणायच्या, “सगळ्या नाशकाच्या किल्ल्या हायेत माझ्याकडं. तुझ्या तोंडाची तेवढी कुठं पडली कुणास ठाऊक.”

इंग्रजी शब्दांचा विषय पहिल्याच आठवड्यात निघाला. एका मालकाच्या मेसेजमध्ये ‘व्हेकंट’ असं होतं. काकूंनी अर्थ विचारला.

“रिकामं,” मी म्हणाले.

“आणि ते दुसरं? एम्प्टी?”

“तेही रिकामंच.”

“मग दोन कशाला ठेवलेत? इंग्रजांकडं शब्द ठेवायला जागा जास्त झाली होती का?”

आम्ही द्वारकेच्या चौकात अडकलो होतो. पुढे ट्रक, मागे एसटी, आणि दोन्हीकडून हॉर्न. बारावीपर्यंत इंग्रजीत शिकून मी कधी हा विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच गर्दीत मी काकूंच्या हेल्मेटजवळ तोंड नेऊन ओरडून सांगितलं.

“पोट एम्प्टी असतं, काकू. व्हेकंट नसतं. डबा, बाटली, पाकीट, सगळं एम्प्टी. आत काही नाही, एवढंच.”

“आणि व्हेकंट?”

“नोकरीची जागा व्हेकंट असते. बसची सीट. हॉस्पिटलमधला बेड. म्हणजे ती जागा माणसासाठीच असते. आत्ता कुणी नाही, इतकंच.”

काकूंनी ब्रेक मारला. “म्हणजे व्हेकंटवर कुणीतरी यायचं असतं.”

“तसंच काहीतरी.”

“मग ही रिक्षा काय?” शेजारी एक रिकामी रिक्षा उभी होती. “हिच्यातही कुणीतरी यायचंच हाय की.”

“रिक्षाला एम्प्टी म्हणतात.”

“का?”

“म्हणतात.”

“हां,” काकू समाधानानं म्हणाल्या, “म्हणजे त्यांचंही आपल्यासारखंच हाय. अर्धा नियम, अर्धी सवय.”

सिग्नल सुटला. पंचवटीच्या पुलावर काकूंनी स्कूटीचा वेग कमी केला. मग म्हणाल्या, “माणसाला काय म्हणतात? म्हणजे एखादा नुसताच बघत बसतो. डोळे उघडे, पण आत कुणी नाय, असा.”

“व्हेकंट लुक. व्हेकंट नजर.”

“आमचे हे शेवटची वर्षं तसेच बघायचे. डॉक्टर म्हणायचा, आता यांना काही कळत नाही, तुम्ही उगाच बोलत बसू नका.” काकूंनी गिअर नसलेल्या स्कूटीचा डावा हँडल उगाच पिळला. “पण भाजीत मीठ जास्त पडलं की तोंड वाकडं करायचे. डॉक्टर त्यांना एम्प्टी समजला. एम्प्टी नव्हते ते. व्हेकंट होते.”

त्या दिवसापासून काकूंना तो नादच लागला. दार उघडलं की उंबऱ्यातच थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि मला सांगायच्या, “एम्प्टी. लिही.” बहुतेक घरं एम्प्टी असायची. सोफे, टीव्ही, काचेच्या कपाटातले कप, सगळं जागेवर, तरी एम्प्टी. आणि एखाद्या घरात, जिथे एक गादी आणि एक माठ सोडला तर काही नव्हतं, तिथे त्या हळूच म्हणायच्या, “व्हेकंट.” मग तिथे त्या आवाज न करता वावरायच्या. नळही हळू सोडायच्या.

मी तसं लिहीत होते. मग एका सकाळी दुबईहून घाबराघुबरा फोन आला. “एम्प्टी म्हणजे काय? माझा सोफा कुठे गेला?”

काकू त्या दिवशी हसून हसून खाली बसल्या. त्यानंतर ठरलं, की मालकांना सरसकट व्हेकंटच लिहायचं. एम्प्टी म्हटलं की त्यांना सामान आठवतं. खरं काय ते आपल्या दोघींत ठेवायचं. काकूंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या शब्दाचं पहिलं अक्षर त्या स्क्रीनवर बोट ठेवून तपासायच्या.

मी हे हसण्यावारी नेत होते. घरी आईलाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिनं मला पाठवलंच नसतं.

काकूंची एक खास युक्ती होती, ती सांगायला हवी. बंद घर चोराला बंद दिसू नये म्हणून त्या प्रत्येक दाराबाहेर चपलांचा एक जोड ठेवायच्या. आठवडी बाजारातून जुने जोड आणायच्या आणि घराला शोभेल असा निवडायच्या. “बँकवाल्याच्या दारात रबरी स्लीपर ठेवली तर चोर काय येडा हाय?” दर खेपेला त्या चपलांची तोंडं फिरवायच्या. एका आठवड्यात दाराकडे, म्हणजे कुणीतरी आत गेलंय. पुढच्या आठवड्यात जिन्याकडे, म्हणजे निघायच्या तयारीत आहे. गॅलरीत एखादं कापड वाळत घालायच्या. एक दिवा असा बसवायच्या, की तो संध्याकाळी आपोआप लागेल आणि जेवणवेळेला विझेल. आम्ही नसताना ती घरं आमच्यापेक्षा नियमानं जगायची.

पंचवटीतल्या एका घरात मात्र बाजारातला जोड नव्हता. तिथे ज्या आजी राहायच्या, त्यांच्याच चपला होत्या.

ते घर भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. आजी एकट्या राहायच्या, मुलगा परदेशात. दवाखान्यात जाताना त्यांनी स्वतः काकूंच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाल्या, “दोनच दिवस. तुळशीला पाणी घाल.” त्या परत आल्या नाहीत. मुलगा आला, दिवस केले आणि जाताना म्हणाला, “मावशी, आहे तसंच राहू द्या. माझ्यानं आत्ता काही आवरणार नाही.” म्हणून सगळं आहे तसं राहिलं. गॅलरीत वेताची खुर्ची. दोरीवर आजींची मोतिया रंगाची साडी, काकू दर आठवड्याला ती बदलायच्या आणि पुढची त्यांच्याच कपाटातून काढायच्या. दारात त्यांच्या चपला. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला.

त्या दारापुढे काकू सगळ्यात जास्त वेळ थांबायच्या. आत गेल्यावर कधी काही म्हणायच्या नाहीत. मी विचारलं तर मान हलवायच्या आणि हवेत बोटानं व्हीचा आकार काढायच्या.

पावसाळ्यानंतर काकूंना चिकनगुनिया झाला. सांधे असे धरले की स्कूटीचा ब्रेकही दाबता येईना. एकटीनं कुणाच्या बंद घरात जायचा मला धीर नव्हता. त्यामुळे आमची सगळी घरं दिवाळी उलटेपर्यंत कुणी उघडलीच नाहीत. शेवटी काकू माझा हात धरून जिने चढायला लागल्या तेव्हा पहिल्या घराचं दार उघडताच दोघींनी नाकाला पदर आणि ओढणी लावली. दुसरं घर तसंच. तिसरंही. वाट्या आटल्या होत्या. दारातल्या चपलांवर धुळीचा थर होता. त्यावर बोटानं नाव लिहिता आलं असतं.

पंचवटीतल्या घरी पोहोचलो. काकूंनी बेल वाजवली. थांबल्या. मी आधीच ओढणी नाकाला लावून उभी होते.

दार उघडलं. वास नव्हता.

मी मोरीत गेले. जाळी उचलली. वाटी भरलेली होती. फरशी कोरडी होती, पण बादलीच्या बुडाखाली ओलं वर्तुळ होतं. नळ घट्ट बंद. मी तो दोनदा पिळून पाहिला.

“नळ गळत असेल,” मी म्हणाले.

“असेल,” काकू हॉलमधून म्हणाल्या.

परत निघताना मी चपलांकडे पाहिलं. त्यांच्यावर धूळ नव्हती. आजारी पडण्याआधीच्या खेपेला काकूंनी त्यांची तोंडं जिन्याकडे केली होती, हे मला पक्कं आठवत होतं, कारण मी तेव्हा त्यांना अडखळले होते. आता त्यांची तोंडं दाराकडे होती.

“झाडणाऱ्या बाईनं सरकवल्या असतील,” मी म्हणाले.

“असेल,” काकू पुन्हा म्हणाल्या. आणि त्या खेपेला त्यांनी चपला फिरवल्या नाहीत.

खाली वॉचमन होता. आजी गेल्यानंतर कामावर लागलेला, पेठकडचा तरुण माणूस, सदा हसतमुख. त्याने काकूंना विचारलं, “आजींचं आता बरं हाय ना?”

“कोणत्या आजी?”

“ह्या काय, तुमच्या वरच्या. रोज सांजेला बसतात ना गॅलरीत. बोलत नाय कुणाशी. पण मी हात केला का मान हलवतात.”

काकूंनी स्कूटी स्टँडवरून काढली. “बरं हाय,” एवढंच म्हणाल्या.

द्वारकेला पुन्हा गर्दी लागली. मग न राहवून मी काकूंना सगळं समजावून सांगितलं. दोरीवरची साडी खुर्चीच्या बरोबर मागे येते. संध्याकाळी दिवा लागला की खालून बघणाऱ्याला कुणी बसल्यासारखं दिसतं. वारा आला की साडी हलते, म्हणजे मान हलते. आपणच घर इतकं राहतं ठेवलंय की ते लोकांना राहतं वाटायला लागलंय. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

“तू म्हणतीस ते बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “पण आपण आजारपणात गेलोच नव्हतो. शेवटच्या खेपेला अंग मोडून आलं होतं, तेव्हाच साडी मी आत घेऊन घडी घातली होती, धुळीनं खराब होईल म्हणून. दोरी मोकळीच होती.”

मला आठवलं. आज काकूंनीच कपाटातून काढून ती दोरीवर टाकली होती.

“काकू, मग कोण…”

“दोन दिवसांत येते म्हणाली होती,” काकू म्हणाल्या. आरशात त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या. “सांगितलेल्या वेळेला नाय जमलं, म्हणून माणूस येतच नाय असं थोडंच हाय?”

त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटली.

काकू यंदा संक्रांतीच्या आधी गेल्या. झोपेतच. अंत्ययात्रेला फार माणसं नव्हती, पण जगभरातून मेसेज आले, आणि त्यांना उत्तरं मीच लिहिली. आम्ही इतकी वर्षं घरं सांभाळली, पण शेवटपर्यंत एकाही मालकानं त्यांच्याकडची किल्ली परत मागितली नव्हती. काकूंना त्या गोष्टीचा फार अभिमान होता. त्यांचं दुसरं काही नव्हतंच. मूलबाळ नाही, शेती भावाकडे. “लोक बायकोला कपाटाची किल्ली देत नाय, मला घराची देतात,” असं त्या नव्या मालकाला पहिल्याच भेटीत सांगायच्या.

तो अभिमान एका संध्याकाळी जाता जाता राहिला. ती संध्याकाळ तेवढी सांगायची आहे.

गेल्या वर्षी आजींच्या मुलानं घर विकायचं ठरवलं. बोलणी फोनवर झाली. घेणाऱ्यांची अट एकच होती: घर व्हेकंट मिळालं पाहिजे, आत कुणी राहत असता कामा नये. मुलगा स्वतः आला. घर दाखवायचं म्हणून आम्ही दोघी दुपारपासून तिथे साफसफाई करत होतो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, पण विमानतळावरून थेट त्याच संध्याकाळी आला. घेणारं जोडपंही त्याच्याबरोबर होतं.

बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. तो उंबऱ्यात उभा होता. खिशात किल्ली असताना त्यानं बेल का वाजवली, ते त्यालाही कळलं नसावं. त्याचा चेहरा उतरलेला होता.

“मावशी,” तो म्हणाला, “इथे कुणाला ठेवलंय तुम्ही?”

“कुणाला नाय, साहेब.”

“खाली वॉचमन म्हणतो, वरच्या आजी घरीच आहेत. या दोघांच्या समोर म्हणाला. रोज संध्याकाळी गॅलरीत बसतात म्हणे.” तो आत आला. चालता चालता बघत होता. मोरी बघितली, फरशी ओली होती. ती मीच धुतली होती, पण ते त्याला कसं कळणार. दारातल्या चपलांकडे त्यानं ओझरतं पाहिलं आणि नजर काढून घेतली. “माझ्या आईच्या चपला कोण वापरतं?”

“त्या चोरांसाठी असतात, साहेब,” काकू म्हणाल्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी याच्यावर कुणी हसलं असतं.

घेणारी बाई नवऱ्याच्या जवळ सरकली. “आपण नंतर येऊ या का?” ती म्हणाली. “भाडेकरू असेल तर तुम्ही आधी बघून घ्या. म्हातारं माणूस बाहेर काढायचं पाप आम्हाला नको.”

“कुणी भाडेकरू नाही,” तो म्हणाला. मग त्याने फोन काढला आणि तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याने माझा आवाज एकदाही ऐकला नव्हता. त्याच्या फोनवर माझे सगळे मेसेज होते. तो ते वर सरकवत राहिला. व्हेकंट. व्हेकंट. व्हेकंट. “हे तूच लिहितेस ना? दर आठवड्याला? मी तिकडे बसून विश्वास ठेवला. ह्यांना बाकीचे लोक कशाच्या भरवशावर किल्ल्या देतात? मला प्रत्येकाला कळवावं लागेल.” मग तो इंग्रजीत बोलायला लागला. शिकलेल्या माणसाला शिकलेल्या माणसाशी बोलायचं असतं, तसा. त्याने विचारलं, की हे घर खरोखर एम्प्टी आहे की नाही, एवढं एका शब्दात सांग.

काकूंना त्यातला एकच शब्द कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पदर नीट केला आणि त्याच्याकडे पाहिलं. लहान मुलाला काही सांगायच्या आधी आपण जसं बघतो तसं. मला कळलं, की त्या आता खरं सांगणार. द्वारकेला मला सांगितलं तसंच, तेवढ्याच शांतपणे सांगतील. घेणारे जिना उतरून जातील. हा प्रत्येकाला कळवेल, की बाई चोर नाही, पण डोक्यानं गेलेली आहे. मग एकेक मालक गोड बोलून किल्ली मागून घेईल. आणि हा मुलगा, ज्याला चपलांकडे नीट बघताही येत नव्हतं, तो ते वाक्य घेऊन परत विमानात बसेल.

“साहेब,” काकू म्हणाल्या, “तुमची आई…”

गॅलरीत टक् असा आवाज झाला. दिवा लागला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. वेताची खुर्ची होती, दोरी होती. साडी नव्हती, ती मी मघाशीच उतरवली होती, आणि घडी घातलेली माझ्याच हातात होती. गॅलरीच्या दारात मी होते, त्यामुळे खालचं फक्त मला दिसत होतं. वॉचमन फाटकाशी उभा होता. त्यानं वर बघितलं, ओळखीचं हसला आणि हात वर केला. माझ्याकडे नाही. खुर्चीकडे. मग थोडा थांबला, आणि कुणीतरी मान हलवल्यासारखा समाधानानं आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

साडी मी छातीशी घट्ट धरली. काकूंचं वाक्य अजून अर्धंच होतं आणि सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत होते. मी त्या खुर्चीत आयुष्यात कधी बसले नव्हते.

“भाडेकरू नाही कुणी,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “काकूंना माहीत नाही. किल्ली घेऊन मीच येते इथे. रोज संध्याकाळी त्या खुर्चीत मी बसते.”